गोळी घरी आली, आता दवाखाना घरातच
फुफ्फुसाच्या कॅन्सरवरची ‘टार्गेटेड’ गोळी चालू असलेल्या आपल्या माणसाला कसे सांभाळावे

फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सलाईन, गळालेले केस आणि वॉर्डातली खाट येते. पण अलीकडे वस्तीत वेगळे चित्रही दिसते. तुकडा काढून तपासला जातो, रिपोर्ट येतो आणि डॉक्टर सांगतात, ‘‘सध्या केमो नको, रोज एक गोळी घ्या.’’ रुग्ण त्याच दिवशी लोकलने घरी येतो. शेजारी विचारतात, ‘‘एवढ्या मोठ्या आजाराला एवढीशी गोळी?’’ घरच्यांच्या मनातही तोच प्रश्न असतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

मी जीएनएम करून बरीच वर्षे वॉर्डात काम केले. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. वॉर्डात वेळेवर गोळी देणारी, जुलाब किती झाले ते लिहून ठेवणारी, दम वाढला तर डॉक्टरांना हाक मारणारी नर्स असते. गोळी घरी आली की हे सगळे काम बायकोवर, सुनेवर, मुलावर येते. ते कसे करायचे हे मात्र त्यांना कुणी बसवून शिकवत नाही. चांगली लागू पडलेली गोळी घरातच बंद पडल्याचे मी पाहिले आहे. कुणी पुळ्या आल्या म्हणून बंद करतो, कुणी बरे वाटले म्हणून, तर कुणी पैसे संपले म्हणून. म्हणून हा लेख रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी आहे.

ही गोळी काय करते

काही रुग्णांच्या कॅन्सरच्या पेशीत एक बटण चालू अवस्थेत अडकून बसलेले असते. त्यामुळे पेशी थांबायचे नाव न घेता वाढत राहते. ही गोळी नेमके तेच बटण बंद करते, म्हणून तिला ‘टार्गेटेड’ म्हणतात. केमो शरीरातल्या वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपते. ही गोळी तसे करत नाही, म्हणून सहसा सगळे केस जात नाहीत आणि माणूस हिंडता-फिरता राहू शकतो.

ही बटणे वेगवेगळी असतात. ईजीएफआर नावाचा बदल सापडला तर गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब अशा गोळ्या दिल्या जातात. एएलके सापडला तर क्रिझोटिनिब, ॲलेक्टिनिब यांसारख्या. बदल सापडलाच नाही तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे शेजारच्या गल्लीतल्या माणसाला गुण आला म्हणून तीच गोळी आपण मागू नये. आधी तुकड्याची तपासणी, मग गोळी. त्या तपासणीचा कागद म्हणजे रुग्णाचा पासपोर्ट समजा. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फोनमध्ये फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही पाठवून ठेवा. पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले की कागद आधी जातात.

दोन गैरसमज इथेच दूर करू. पहिला, हा बदल गाठीत झालेला असतो. तो सहसा आईबापाकडून आलेला नसतो आणि मुलांना जात नाही. दुसरा, ईजीएफआरचा बदल विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसांत आणि बायकांत जास्त आढळतो. ‘‘काहीतरी केले असेल म्हणून झाला,’’ असे कुणी म्हणाले तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. ज्याने विडी ओढली त्यालाही आता टोमण्यांची नाही, मदतीची गरज आहे.

एका घरात चव्वेचाळीस वर्षांची बाई आजारी पडली. आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. खोकला आणि एक्स-रेवरचा डाग बघून तिला टीबीची औषधे सुरू झाली. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नव्हते. तीन महिने गेले, वजन उतरत राहिले, मग कुठे तुकडा तपासला गेला. आपल्याकडे टीबी खूप, म्हणून ही गल्लत होते. टीबीची औषधे घेऊनही खोकला, दम आणि वजन सुधारत नसेल, तर ‘‘आणखी कशाची तपासणी करायला हवी का?’’ हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

रुग्णाला खरे सांगा

‘‘सिस्टर, बाबांना कॅन्सर म्हणून सांगू नका हं, ते खचतील.’’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. त्यामागे माया असते. पण रोज गोळी घ्यायची आहे रुग्णाला, त्याच्यापासूनच आजार लपवला तर काय होते ते पाहा. एका मुलाने वडिलांना सांगितले, ‘‘ही शक्तीची गोळी आहे.’’ दोन महिन्यांत वडिलांचा खोकला गेला, भूक लागली, ते नाक्यापर्यंत चालत जाऊ लागले. मग त्यांनी स्वतःच ठरवले की शक्ती आली, आता गोळी कशाला! रोज सकाळी ती खिडकीतून बाहेर जाऊ लागली. घरच्यांना कळले तेव्हा दम परत आला होता.

सगळे एकाच दिवशी सांगायला हवे असे नाही. ‘‘बाबा, फुफ्फुसात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे. तिच्यावर चालणारी गोळी मिळाली आहे. बरे वाटले तरी ती बंद करायची नाही,’’ एवढे पुरे. पुढचे ते विचारतील तसे सांगा. सांगायला जीभ रेटत नसेल तर डॉक्टरांना किंवा दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाला सोबत बसायला सांगा. माणसाला आपला आजार माहीत असला की तो आपले त्रासही सांगतो.

गोळी देण्याची शिस्त

वेळ एकच ठेवा. सकाळचा चहा किंवा रात्रीच्या बातम्या, जे रोज ठरलेले असते त्याला गोळी बांधून टाका. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि गोळी पोटात गेल्यावर त्या तारखेवर फुली मारा. आधी फुली मारू नका.

जेवणाशी संबंध गोळीगणिक वेगळा आहे. गेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाच्या किमान १ तास आधी किंवा २ तासांनंतर घ्यायची. ॲलेक्टिनिब मात्र जेवणासोबत, दिवसातून दोनदा. आपल्या पाकिटावरचे नाव वाचा आणि डॉक्टरांकडून नियम चिठ्ठीवर लिहून घ्या.

गोळी द्यायची राहिली तर? दिवसातून एकदाच घ्यायच्या गेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिबचा नियम सोपा आहे. पुढच्या गोळीला १२ तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर आठवल्याबरोबर द्या. कमी वेळ असेल तर ती सोडून द्या आणि पुढची वेळेवर द्या. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम कधीच देऊ नका. उलटीत गोळी पडली तरी लगेच दुसरी देऊ नका. पुढची ठरल्या वेळी द्या आणि डॉक्टरांना कळवा.

गोळी कुटून, दुधात किंवा गुळात कालवून देऊ नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या पाण्यात विरघळवून देता येतात. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये. गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कोरड्या जागी, मूळ पाकिटातच ठेवा. रुग्ण स्त्री वयाने तरुण असेल तर उपचार चालू असताना दिवस जाऊ नयेत यासाठी कोणते साधन वापरावे हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. रुग्ण पुरुष असेल तरी हे विचारावेच.

दुसरी औषधे आड येतात

हा भाग नीट वाचा, कारण इथे चूक झालेली कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे कुठलीही चिठ्ठी घेतली की तीत ॲसिडिटीची गोळी असतेच. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्यांमुळे गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब पोटातून नीट शोषली जात नाही. म्हणजे गोळी रोज घेतली तरी तिचा पूर्ण डोस अंगात पोहोचत नाही. पित्ताचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून त्यावर वेगळी तोड काढता येते.

टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन, ज्याने लघवी लालसर-केशरी होते, यातल्या बहुतेक गोळ्यांचा असर खूप कमी करते. फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी काही औषधेही तसेच करतात. एर्लोटिनिब घेताना विडी-सिगारेट चालू असेल तर रक्तातले औषधाचे प्रमाण उतरते. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दात दाखवायला गेलात तरी, कॅन्सरच्या गोळीचे पाकीट सोबत न्या आणि आधी ते दाखवा. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे या काळात टाळलेली बरी.

गाठ विरघळवणारा काढा, कुणा गावचे गुणकारी चूर्ण, गुळवेलीचा रस, असे सल्ले घरी बसून मिळतात. या गोळ्यांचा ताण आधीच लिव्हरवर पडू शकतो, म्हणून डॉक्टर मधूनमधून लिव्हरची रक्ततपासणी करतात. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. काढ्यामुळे लिव्हर बिघडले तर थांबवावी लागते ती कॅन्सरची गोळी.

पुळ्या, जुलाब, नखुरडे

ईजीएफआरच्या गोळ्यांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहरा, छाती, पाठ यांवर मुरुमांसारख्या पुळ्या येऊ शकतात. ‘औषध बाधले’ म्हणून सर्वांत जास्त गोळ्या याच टप्प्यावर बंद होतात. ज्या बटणावर गोळी काम करते ते आपल्या त्वचेतही असते, म्हणून हे होते. हा लागट रोग नाही. पुळ्यांवर उटणे, लिंबू, हळदीचा लेप किंवा मुरुमांचे मलम लावू नका, त्वचा आणखी कोरडी पडते. कडक गरम पाणी आणि अंग घासायचा दगड टाळा. सौम्य साबण वापरा, आंघोळीनंतर अंग टिपून बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीनसारखे साधे मलम लावा. उन्हात जाताना डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री असू द्या. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणू नका. पुळ्या पसरल्या, पू झाला, आग होऊ लागली तर दवाखान्यात दाखवा. त्यावर औषध आहे.

जुलाब हा दुसरा त्रास. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जुलाब थांबवायची गोळी कधी आणि किती घ्यायची हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. जुलाबात रक्त किंवा ताप असेल तर ती आपल्या मनाने देऊ नका. ओआरएसची मोठी पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मऊ भात, पेज, केळे, पातळ ताक द्या. तिखट आणि तळलेले काही दिवस बाजूला ठेवा. सार्वजनिक संडासापर्यंत धावणे अशक्त माणसाला जमत नाही, रात्री तर नाहीच. घरात बादली किंवा भांड्याची सोय करा आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नका.

नखांच्या कडेला नखुरडे होते, टाचांना भेगा पडतात, तोंड येते. नखे सरळ कापा, खोल कापू नका. भांडी घासणे, धुणे या कामांतून रुग्ण बाईला मोकळी करा. तोंड आले तर मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. क्रिझोटिनिबने अंधारातून उजेडात येताना डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होऊ शकते, पाय सुजू शकतात. ॲलेक्टिनिबने बद्धकोष्ठता होते, अंग दुखते.

यातला कुठलाही त्रास सोसत बसण्यासाठी नाही. डॉक्टर औषध देतात, डोस कमी करतात, कधी काही दिवस गोळी थांबवतातही. त्यांनी थांबवणे वेगळे आणि आपण घरी थांबवणे वेगळे.

लगेच दवाखाना गाठा

पुढीलपैकी काहीही दिसले तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

– अचानक वाढलेला दम, नवा कोरडा खोकला, सोबत ताप. ही गोळी क्वचित फुफ्फुसालाच सूज आणते. असे वाटले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.
– डोळे पिवळे, लघवी गडद, सतत मळमळ.
– जोराची डोकेदुखी आणि उलट्या, फिट, बोलण्यात अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे.
– पाठदुखीसोबत पायांतली ताकद जाणे किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणे.
– चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड.
– खोकल्यातून रक्त.
– डोळा लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे.
– जुलाब-उलट्यांनी लघवी कमी होणे.

१०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ असू द्या. वस्तीत गाडी कुठपर्यंत येते, तिथवर रुग्णाला कोण उचलून नेईल, हे आधीच ठरवून ठेवा.

पैसा आणि गोळीचा खंड

एक बाई गोळी एक दिवसाआड घेत होती. घरात कुणाला माहीत नव्हते. महिन्याची पाकिटे दोन महिने पुरवायची आणि वाचलेल्या पैशांत मुलीची फी भरायची, असा तिचा हिशेब. तिला दोष देण्यापेक्षा तिच्यावर ही वेळ का आली ते विचारा. पण औषध अर्धे घेतले तर रोगाला मोकळीक मिळते, हेही तितकेच खरे. पैसे कमी पडत असतील तर ते गोळी संपण्याआधी बोला.

पहिली वाट महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यात होतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आपली गोळी योजनेत बसते का, त्यातली कोणत्या कंपनीची मिळते, मंजुरीला किती दिवस लागतात, हे तीन प्रश्न विचारा. माहितीसाठी १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे क्रमांक आहेत. मंजुरीत दिवस जातात, म्हणून पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या तयारीला लागा.

दुसरी वाट स्वस्त जेनेरिकची. गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. जनऔषधी केंद्र, सरकारी रुग्णालयांतली अमृत दुकाने इथे चौकशी करा. कंपनी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. ओसिमर्टिनिब महाग आहे. तिच्यावरचे सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले आणि त्याच वर्षी जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तरी ती सामान्य घराला झेपेल अशी नाही. अशा वेळी कंपन्यांची रुग्ण-सहाय्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा यांबद्दल समाजसेवा विभागात विचारा. ‘‘आमच्याकडे पैसे नाहीत’’ हे डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही. ते माहीत असले तर ते परवडणारा मार्ग निवडू शकतात.

गोळ्या बिलाशिवाय घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट कॅन्सर औषधांची टोळी पकडली होती. कुणी निम्म्या किमतीत घरपोच देतो म्हणाला तर सावध राहा.

प्रवासाचाही विचार करा. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसी वर्गात तिकीट माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयातून ठरावीक फॉर्म भरून घ्यावा लागतो. परगावाहून परळच्या टाटा मेमोरियलला येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हा अनेक वर्षांचा आधार आहे. पण प्रत्येक वेळी मुंबईच गाठायला हवी असे नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. रोजची गोळी आणि रक्ततपासणी घराजवळ, मोठा निर्णय मोठ्या रुग्णालयात, अशी विभागणी करता येते का ते विचारा.

ताट वेगळे करू नका

कॅन्सर श्वासाने, उष्ट्याने, स्पर्शाने लागत नाही. तरी काही घरांत रुग्णाचा पेला वेगळा होतो, नातवाला जवळ जाऊ देत नाहीत. वेगळ्या भांड्याचा अपमान आपल्या आजा-पणजांनी सोसला आहे. आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या वाट्याला तो येऊ देऊ नका. आजोबांच्या मांडीवर नातू बसू द्या.

खाण्यावर बंधने घालणारे पुष्कळ भेटतील. अंडी बंद, मटण बंद, साखर बंद. साखर तोडली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. डाळ, अंडी, मासे, चिकन, शेंगदाणे, जे पचते आणि रुचते ते थोडे-थोडे करून पाच-सहा वेळा द्या. डायबेटिस असेल तर त्याचे पथ्य डॉक्टरांना विचारून पाळा. घरात विडी, मिश्री भाजणे, चुलीचा धूर, कचरा जाळणे हे बंद करा. दम लागतो तेव्हा पुढे उशी घेऊन वाकून बसवा, ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडायला सांगा, चेहऱ्यावर हातपंख्याने वारा घाला. त्याने धीर येतो. नव्याने वाढलेल्या दमावर मात्र पंखा हा उपाय नाही, दवाखाना हाच उपाय.

गोळी काम करेनाशी झाली तर

आजार पसरलेला असताना ही गोळी सहसा तो मुळापासून काढत नाही, ताब्यात ठेवते. किती काळ, हे प्रत्येकाचे वेगळे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या रुग्णांचा आजार ओसिमर्टिनिबने सुमारे १९ महिने, तर गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिबने सुमारे १० महिने वाढला नाही. काहींचा त्याहून खूप अधिक काळ थांबतो, काहींचा लवकर उसळतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात गेफिटिनिबसोबत केमो दिल्यावर हा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, त्रासही वाढला. म्हणून गोळीसोबत केमो सुचवली तर ‘‘आता संपले’’ असे समजू नका. नीट विचारून ठरवा.

पुढे कधी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली तर रुग्णाला वाटते, माझेच काही चुकले. तसे नसते. कॅन्सरची पेशी दुसरी वाट शोधते. तेव्हा पुन्हा तुकड्याची किंवा रक्ताची तपासणी करून नवा बदल शोधतात. गेफिटिनिब-एर्लोटिनिब थकल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांत असा एक बदल सापडतो, ज्यावर ओसिमर्टिनिब चालते. तीही थकली तर केमो असते.

आणि एक दिवस असा येऊ शकतो की औषधांपेक्षा आराम महत्त्वाचा ठरतो. तेव्हा पॅलिएटिव्ह केअर विभागाकडे जा. खरे तर तिथे पहिल्या महिन्यापासूनच जावे. वेदना, दम, झोप, भीती या सगळ्यांवर ते उपचार करतात. दुखण्यावर मॉर्फिनची गोळी दिली तर घाबरू नका. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही, शांत झोपतो.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार

वर सांगितलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचे पुढे असे झाले. गोळीने तिचा खोकला थांबला, पण पहाटे चारला नळाला पाणी भरायला तीच उठत होती. बाई आजारी पडली तरी घराची नोकरी तिला सुटत नाही. तिच्या नवऱ्याने मग पाण्याची पाळी घेतली, मोठ्या मुलाने भाकरी थापायला शिकून घेतले. आधी गल्लीत हसले लोक, नंतर हसायचे थांबले.

रुग्ण पुरुष असला की सगळा भार बायकोवर किंवा सुनेवर येतो. तिला झोप नाही, कामावर खाडे पडतात, वर ‘‘तू नीट बघत नाहीस’’ हेही तिनेच ऐकायचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात घरच्यांनी एकत्र बसून कामे वाटून घ्या. गोळी कोण देणार, कागद आणि योजना कोण बघणार, ओपीडीला कोण जाणार, पाणी कोण भरणार. एकाच माणसाच्या नावावर दोनहून जास्त कामे नकोत. सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

शेजाऱ्यांनी फक्त ‘‘कसे आहेत?’’ विचारून परतू नये. ‘‘मंगळवारी ओपीडीला मी सोबत येतो,’’ ‘‘आज रात्रीचा डबा माझ्याकडून,’’ असे काही ठरवून सांगावे. आठवड्यातला एक दिवस पाच घरांनी वाटून घेतला तरी त्या सुनेला पाच दिवस थोडी उसंत मिळते.

तुमच्या गल्लीत कुणाला ही गोळी चालू असेल तर हे पान त्यांच्या घरी नेऊन द्या. वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवा. आणि निघताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेवर फुली पडली आहे ना, तेवढे बघून या.